गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेलाचा उगम दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीतल्या प्रश्नोत्तरांत एका वाचकाने विचारलं होतं की, माझी जुनी डिझेल फोर-बाय-फोर आहे, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली तेल ठिबकतं, काय करू? त्याला उत्तर मिळालं चार ओळींचं. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील गेलंय, बदलून घ्या. तेवढा खर्च झेपत नसेल तर तेलात गळती थांबवणारी बाटली ओता. ते वाचून गप्प बसवेना. सील गेलेलं नसेलच असं माझं म्हणणं नाही, असेलही. पण गाडी बघितली नाही, धुतली नाही, उलट एक प्रश्न विचारला नाही आणि निकाल मोकळा! आणि हाच निकाल बहुतेक गॅरेजांतही इतक्याच झटपट दिला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी या सल्ल्यात काम किती आहे ते बघा. साध्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवणं वेगळं आणि फोर-बाय-फोरचा वेगळा. इथे गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस असते, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी. पुढचा आणि मागचा असे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडायचे, आतून दोन्ही लिव्हर काढायचे, खालचा आडवा मेंबर सोडायचा, क्लचचा सिलिंडर, स्टार्टर, केबली बाजूला करायच्या आणि मग ते धूड जॅकवर तोलत मागे ओढायचं. जुन्या गाडीत यातले निम्मे बोल्ट गंजून बसलेले असतात, एखाद-दुसरा तुटतोच. एवढा खटाटोप करून हाती काय लागतं, तर तळहातावर मावेल एवढं रबराचं कडं. ते बदललं, सगळं परत चढवलं, गाडी घरी आणली आणि आठवड्याभरात त्याच जागी काळा डाग. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. असं ज्यांच्या वाट्याला आलंय असे लोक माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी शेवटी गाडीच विकून टाकली.

माझी नोकरी डिझेल जनरेटरच्या देखभालीत गेली. जनरेटरचं इंजिन एका जागी उभं असतं. त्याला समोरून रस्त्यावरचा वारा लागत नाही, ते चढ-उतार बघत नाही. त्यामुळे तेल जिथून सुटतं तिथून जवळजवळ सरळ खाली येतं आणि बघणाऱ्याला फार डोकं चालवावं लागत नाही. गाडीचं तसं नाही. धावत्या गाडीत पंख्याचा आणि पुढून घुसणारा वारा तेलाला मागे ढकलतो. तेल ब्लॉकच्या कडेकडेने, वायरींवरून, चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीच्या) ओठावरून सरकत सरकत मागे जातं. आणि इंजिनाच्या मागच्या बाजूची सगळ्यात खालची जागा कुठली? तीच, इंजिन आणि गिअरबॉक्सचा जोड. वर कुठेही सुटलेलं तेल शेवटी तिथेच येऊन लटकतं. टॅपेट कव्हरचा, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचा, मागचा कोपरा असो, हेडच्या टोकाला असलेला अर्धचंद्राकृती रबरी बूच असो, ऑइल प्रेशरचा स्विच असो, टर्बोची परतीची नळी असो, थेंब पडणार तो जोडाखालीच. खाली झोपून बघणाऱ्याला ते सगळे थेंब मागच्या सीलचेच वाटतात.

माझी गाडी नव्वदच्या दशकातली. चार सिलिंडर, टर्बो, यांत्रिक डिझेल पंप, कॉम्प्युटर नावाची भानगड नाही. तिच्याबाबतीतही एका वर्कशॉपने खालून बॅटरी मारून दोन मिनिटांत हेच सांगितलं. मी हो-हो म्हणून गाडी परत आणली, कारण इंजिन वरपासून खालपर्यंत काळ्या राबडीने माखलेलं होतं आणि तशा इंजिनावर तेल कुठून येतंय हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तेव्हा पहिलं काम धुणं. कंटाळवाणं आहे, मिस्त्री लोकांना त्यात कमीपणा वाटतो, गिऱ्हाइकाला त्याचे पैसे द्यायचे जिवावर येतं, आणि म्हणून नेमकं तेच राहून जातं. इंजिन पूर्ण गार असताना धुवायचं. अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) आणि हवेच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधायची. जाड थर लाकडी पट्टीने खरवडायचा, मग ब्रशने रॉकेल किंवा तेल काढायचं द्रावण लावून वरून खाली यायचं. पेट्रोल चुकूनही वापरू नये, त्याची वाफ कुठली ठिणगी पकडेल याचा नेम नसतो. पाण्याचा जोरदार फवाराही टाळावा. कनेक्टरमध्ये आणि अल्टरनेटरमध्ये पाणी शिरतं आणि तेलाची गळती शोधता शोधता विजेचं दुखणं मागे लागतं. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या घराच्या, तळाला बहुतेक गाड्यांत एक छोटं भोक असतं, ते मातीने बुजलेलं असेल तर मोकळं करून ठेवायचं. त्या भोकाची साक्ष पुढे लागते.

गाडी कोरडी झाली की इंजिन चालू करून गरम होऊ द्यायचं आणि बंद करून बघायचं. मग जवळच फिरवून आणायची, पुन्हा बघायचं. मग लांब. एकदम लांब नेली तर सगळं पुन्हा माखतं आणि धुणं वाया जातं. तेल पहिल्यांदा थेंब म्हणून दिसत नाही, ओलसर चमक म्हणून दिसतं. ज्या जागेचा संशय आहे तिथे साधी टाल्कम पावडर कापडाने झटकली की पांढऱ्यावर काळी रेघ उमटते आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे उगम. पावडर हवेच्या तोंडाजवळ आणि पट्ट्यांवर मात्र उडू देऊ नये. गळती फारच बारीक असेल तर तेलात घालायचा रंग मिळतो, तो घालून अतिनील दिव्याखाली बघितलं की पिवळाहिरवा झळकतो. मला त्याची गरज पडली नाही. हेडच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या) चिंचोळ्या जागेत डोकं जात नाही, तिथे मी मोबाइल हातात धरून व्हिडिओ काढला आणि मग बाहेर येऊन निवांत बघितला.

काय दिसलं? बेल हाउसिंगचं भोक कोरडं, म्हणजे मागच्या सीलवर संशय नाही. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्याला थोडा घाम. आणि अल्टरनेटरच्या पाठीमागून निघालेली एक स्पष्ट, चकचकीत वाट, जी ब्लॉकवरून उतरून चेंबरच्या कडेने थेट मागे गेली होती.

इथे जरा थांबतो, कारण ही जागा पेट्रोल गाडीवर हात बसलेल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते, तिच्यामागे आपोआप निर्वात तयार होतो आणि ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणारा बूस्टर त्यावर चालतो. जुन्या डिझेलला बहुधा तशी झडप नसते, म्हणून निर्वातासाठी वेगळा पंप द्यावा लागतो. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत हा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. त्याला वंगण म्हणून इंजिनाचंच तेल मिळतं. एका बारीक नळीने दाबाखाली तेल येतं आणि दुसऱ्या, जरा जाड रबरी नळीने ते चेंबरमध्ये परत जातं. ही परतीची नळी आयुष्यभर गरम तेल आणि इंजिनाची धग सोसते. माझ्या गाडीत ती बोटांनी दाबली तर दबत नव्हती, आणि क्लिपच्या काठाशी केसाएवढी चीर गेली होती. इंजिन बंद असताना तिथे काहीच दिसायचं नाही. चालू झालं की चिरेतून तेल पाझरायचं. या जागी दुर्लक्ष केलं तर आणखी एक नुकसान होतं: पंपाच्या सीलमधून तेल अल्टरनेटरच्या पोटात गेलं की ब्रश चिकट होतात आणि बॅटरी चार्ज होईनाशी होते. मग गाडी इलेक्ट्रिशियनकडे जाते, तो अल्टरनेटर बदलतो, आणि नवा अल्टरनेटरही त्याच तेलात न्हातो.

नळी बदलली आणि संपलं, असं मात्र झालं नाही, आणि पत्र लिहिण्याचं खरं कारण हे पुढचं आहे. नळी जुनी झाली होती हे खरं. पण टॅपेट कव्हरलाही घाम, पुढच्या टायमिंग कव्हरलाही ओल, डिपस्टिकच्या (तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीच्या तोंडाशीही तेलाचं कडं, एवढ्या सगळ्या जागा एकाच वेळी म्हाताऱ्या कशा झाल्या? असं चहूकडून पाझरायला लागलं की आधी आतला दाब बघावा, सील नंतर.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, उतरतोच. आपल्याकडे गॅरेजात त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो वायू बाहेर पडावा म्हणून ब्रीदर असतो. टॅपेट कव्हरवरून निघणारी नळी, आत तेल अडवायला तारेची जाळी, आणि पुढे ती टर्बोच्या आधीच्या हवेच्या पाइपला जोडलेली. ही वाट तुंबली की वायू जाणार कुठे? तो ऑइल सीलच्या ओठांतून, गॅस्केटच्या कडांतून, डिपस्टिकच्या तोंडातून वाट काढतो आणि जाताना तेल बरोबर नेतो. अशा इंजिनाला नवंकोरं सील बसवलं तरी ते दाबापुढे किती दिवस टिकणार?

याची तपासणी कुणालाही करता येते. इंजिन गरम करून रिकाम्या वेगावर चालू ठेवावं, तेल भरायचं झाकण सोडून तोंडावर नुसतं उलटं ठेवावं. जरासं थरथरलं तर चालतं. उडून पडत असेल तर आत दाब आहे. (तोंड जवळ नेऊ नये, काही इंजिनांत गरम तेलाचे शिंतोडे उडतात.) मी नोकरीतली सवय म्हणून याहून नेमकी चाचणी केली. चांगली लांब पारदर्शक नळी यू आकारात पट्टीला बांधली, निम्मी पाण्याने भरली, एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवलं, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे क्रँककेसचा दाब. यूचे दोन्ही पाय पुरेसे उंच ठेवावेत, नाहीतर पाणी इंजिनात जायचं. निरोगी इंजिनात हा फरक नगण्य असतो, फार तर दोन-चार सेंटीमीटर. माझ्या गाडीत तो वीतभर होता.

ब्रीदरची नळी काढली तर आतून काळ्या चिकट गाळाने निम्म्याहून जास्त बुजलेली. टॅपेट कव्हर उतरवून जाळी रॉकेलमध्ये रात्रभर बुडवली, पहिल्या धुण्यात निघालेलं पाणी नव्हे तर डांबरच म्हणावं लागेल. साफ करून, सुकवून परत बसवलं आणि पुन्हा पाण्याची नळी लावली. फरक बोटाच्या रुंदीएवढा राहिला. ब्रीदरची वाट पूर्ण मोकळी करूनही दाब उतरला नसता, वेग वाढवल्यावर आणखी चढला असता, तर मग रिंगा आणि सिलिंडर झिजलेत असं समजावं लागलं असतं आणि ते दुखणं कुठल्याही ऑइल सीलने बरं होत नाही.

एक गोष्ट जाता जाता. व्हॅक्यूम पंप ब्रेकच्या बूस्टरमधून ओढलेली हवा तेलाबरोबर क्रँककेसमध्येच सोडतो. म्हणजे बूस्टरची रबरी नळी कुठे फाटलेली असेल तर पंप दिवसभर बाहेरची हवा ओढून इंजिनाच्या पोटात भरत राहतो. तेव्हा ब्रेक जरा कडक लागतोय आणि तेलही सगळीकडून पाझरतंय अशी दुहेरी तक्रार आली तर ही नळी आधी बघावी. हे ज्ञान मला कुठल्या पुस्तकातून मिळालेलं नाही, एका वयस्कर फिटरने सांगितलं आणि पुढे ते खरं निघालं.

आता दुरुस्तीविषयी. परतीच्या नळीच्या जागी तेलाला टिकणारी, तसं छापलेलीच नळी घालावी. रेडिएटरची किंवा पाण्याची नळी मापात बसते म्हणून बरेच जण तीच घालतात. तेलाने ती फुगते, मऊ होते आणि काही महिन्यांत सुटते. दाबाच्या बाजूला पोकळ बोल्ट असतो, त्याच्या दोन्ही अंगाला तांब्याचे वायसर. ते दरवेळी नवे घालावेत. नवे नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की तांबं पुन्हा मऊ होतं, पण त्यावर चरे असतील तर टाकून द्यावेत.

टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदलताना एकच चूक सगळीकडे दिसते, ती म्हणजे जोर. कव्हरचे बोल्ट बारीक असतात, त्यांना बहुधा १० न्यूटन-मीटरसुद्धा लागत नाहीत. गळतंय म्हणून मिस्त्री आणखी आवळतो, मग पत्र्याच्या कव्हरची कड बोल्टाजवळ आत दबते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. मग आणखी गळतं, मग आणखी आवळतो. माझ्या कव्हरची कड सपाट फरशीवर ठेवून बघितली तर प्रत्येक भोकाजवळ खळगा पडलेला होता. मागून लाकडाचा आधार देऊन हलक्या हाताने ठोकून सरळ केली तेव्हा नवं गॅस्केट नीट बसलं. सिलिकॉन लावलं ते फक्त अर्धचंद्र बुचाच्या दोन कोपऱ्यांत, ज्वारीच्या दाण्याएवढं.

सिलिकॉनविषयी मला जरा रागच आहे. गॅस्केट न बदलता बाहेरून चोपडलेलं सिलिकॉन तेलकट धातूला चिकटतच नाही. आणि आतून जास्त लावलं तर दाबून बाहेर आलं ते आपल्याला दिसतं, आत गेलं ते दिसत नाही. ते तुकडे सुटून चेंबरमध्ये पडतात आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात. गळतीने इंजिन मरत नाही हो, तेलाचा पंप उपाशी राहिला की मरतं.

बाटलीतल्या औषधाचंही तसंच. त्यातलं रसायन रबर थोडं फुगवतं आणि मऊ करतं. नुसतंच कडक झालेलं सील असेल तर थोडे दिवस आराम पडतो. पण चिरलेली नळी, दबलेली कड, खाच पडलेला शाफ्ट, तुंबलेला ब्रीदर यांतलं एकही दुखणं त्याने जात नाही. जाड तेल घालण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. कंपनीने १५डब्ल्यू-४० सांगितलं असेल तर २०डब्ल्यू-५० घातल्याने थेंब जरा हळू पडतील, पण गार इंजिन चालू करताना ते तेल टर्बोपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं. दरवेळी इंजिन चालू करताना टर्बोने ती किंमत मोजायची, एवढ्यासाठी?

गळणारं तेल इंजिनाचंच आहे ना, हेही कुणी बघत नाही. फोर-बाय-फोरच्या पोटाखाली तेलाच्या इतक्या पेट्या असतात की गोंधळ व्हायचाच. इंजिनाचं डिझेल तेल काळंकुट्ट असतं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शिअलचं तेल मधासारखं जाड, आणि डिफरन्शिअलच्या तेलाला गंधकाचा उग्र वास येतो, बोटाला एकदा लागला की विसरत नाही. स्टिअरिंगचं तेल बहुधा लाल. इंजेक्टरच्या परतीच्या बारीक नळ्यांतून डिझेल झिरपत असेल तर तेही काजळी बरोबर घेऊन खाली काळंच दिसतं, पण चोळलं की पातळ लागतं आणि वास लपत नाही. आणि डिपस्टिकवर पातळी घटण्याऐवजी वाढत असेल तर गळतीचा विचार सोडून गाडी जागेवर उभी करावी. डिझेल पंपाच्या सीलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरत असण्याची शक्यता असते. तेल पातळ होऊन बेअरिंगं जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे ते मिश्रण ब्रीदरवाटे ओढलं जाऊन इंजिन चावी बंद केली तरी बंद होत नाही.

पुढचा ॲक्सल मोठ्या चढ-उतारांनंतर ओला दिसत असेल तर त्याचा स्वतःचा ब्रीदर बघावा, तोही मातीने बुजतो. गरम ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बुजलेल्या ब्रीदरऐवजी सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

एवढं सगळं तपासून वरच्या सगळ्या जागा कोरड्या निघाल्या आणि बेल हाउसिंगच्या भोकातून काळं तेल येतंय हे डोळ्यांनी बघितलं, तर मग बेशक गिअरबॉक्स उतरवा. त्या भोकातून मधासारखं तेल येत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा. उतरवलंच आहे तर अर्धवट काम करू नका. क्लच प्लेट तेलाने भिजली असेल तर ती धुऊन परत घालण्यात अर्थ नाही. रिलीज बेअरिंग, क्रँकच्या टोकातलं छोटं बेअरिंग त्याच वेळी बघून घ्यावं. काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) बोल्टांची भोकं आरपार क्रँककेसमध्ये उघडतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लागतं. ते विसरलं की सील नवं असूनही गळती तीच. क्रँकच्या ज्या जागेवर सीलचा ओठ घासतो तिथे नख फिरवून बघावं. नख अडकलं तर जुन्या सीलने खाच पाडली आहे. नवं सील थोडं अलीकडे-पलीकडे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो, नाहीतर पातळ स्टीलची बाही शाफ्टवर चढवावी लागते. आणि नवं सील टेफ्लॉनच्या ओठाचं असेल तर त्याला तेल न लावता कोरडंच बसवतात. इथेही सवयीने तेल चोपडलं जातं आणि बिचारं सील बदनाम होतं.

किती गळती चालवून घ्यावी, हा प्रश्न आपल्या पुरवणीने घ्यायलाच हवा होता, कारण प्रत्येक थेंबाच्या मागे लागणं हाही वेडेपणा आहे. दर १० मिनिटांनी एक थेंब धरला तर दिवसाचे १४४ थेंब. २० थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ७ मिलिलिटर आणि महिन्याला पाव लिटरच्याही आत. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये बऱ्याच इंजिनांत साधारण एक लिटर तेल मावतं. म्हणजे नियमित डिपस्टिक बघणाऱ्याचं इंजिन अशा थेंबाने धोक्यात येत नाही. जमिनीवर तेल सांडत राहणं वाईटच, पावसाबरोबर ते नाल्यात जातं, तेव्हा खाली ट्रे ठेवावा आणि जमलेलं तेल रीसायकल करणाऱ्याकडे द्यावं. पण तेल कुठे पडतंय याला प्रमाणापेक्षा जास्त महत्त्व आहे. टर्बो आणि एक्झॉस्टवर पडणारा एक थेंबही चालवून घेऊ नये. इंजिन तेलाची वाफ २०० अंशांच्या पुढे पेट घेऊ शकते आणि ओझ्याखाली टर्बोचं एक्झॉस्टकडचं अंग ५०० अंशांच्या वर जातं. टायमिंगच्या पट्ट्यावर, क्लचवर, इंजिनाच्या रबरी माउंटिंगवर पडणारं तेलही तसंच. आणि दाबाखालच्या नळीची किंवा ऑइल फिल्टरची गळती बारीक असली तरी ताबडतोब बघावी. फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग बैठकीलाच चिकटून राहते, तिच्यावर दुसरी रिंग बसते आणि मग कधीतरी भर वेगात ती सटकते. इंजिन मिनिटा-दोन मिनिटांत रिकामं होतं.

म्हणून माझी विनंती आपल्याला आणि आपली पुरवणी वाचणाऱ्या गॅरेजवाल्यांनाही आहे. गिअरबॉक्स उतरवायचं सांगण्याआधी इंजिन धुवा, चालवा आणि तेलाचा उगम गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दाखवा. धुण्याचे आणि शोधण्याचे वेगळे पैसे खुशाल लावा, ती मेहनतच आहे. आणि गाडीमालकांनो, ते पैसे देताना कुरकुरू नका. 'धुवायचे कसले पैसे?' असं म्हणणारं गिऱ्हाईक असेल तर मिस्त्री तरी अंदाजाने काम का करणार नाही?

माझ्या गाडीचं टायमिंग कव्हर अजूनही जरा ओलसर राहतं. तिला टायमिंगचा पट्टा नाही, गिअर आहेत, त्यामुळे तिथलं तेल कशाचं नुकसान करत नाही. ते काढायचं तर रेडिएटर, पंखा आणि पुढची पुली सोडावी लागते. पाण्याचा पंप बदलायची वेळ येईल तेव्हा तेही करीन, तोवर फडक्याने पुसतो.

आपला,
जुन्या डिझेल गाडीचा मालक, एक नियमित वाचक